समोर बसलेली पोर
ओल्या लोकरीचा वास आला की मला आमच्या वस्तीशाळेतली ती पटपडताळणी आठवते. दिवाळी झाली की सांगोल्याच्या माळावरचे मेंढपाळ बिऱ्हाडं घेऊन चारणीला निघतात आणि निम्मी शाळा त्यांच्यामागं जाते. पडताळणी नेमकी तेव्हाच लागली. पट कमी भरला तर दोन शिक्षकांपैकी एकाचं पद जाणार, म्हणून मी एका मेंढपाळाला फोन केला. मेंढरं बायकोवर सोपवून, मिळेल त्या टेम्पोनं तो लेकीला घेऊन आला. केसांत अडकलेल्या कुसळांसकट ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. तिचे पाढे तेव्हा चारापर्यंत झाले होते. पडताळणीला आलेल्या साहेबांनी मोबाईलवर तिचं नाव टाकलं, पण आधार काही जुळेना. "ही धरता येणार नाही," ते म्हणाले. "समोर बसलीया की सायेब! हात लावून बगा," बाप म्हणाला. "मला दिसतीय हो. पण निकषात बसत नाही." साहेबांचा आवाज मऊ होता, त्याचाच मला जास्त संताप आला. बाप लेकीला म्हणाला, "चल, मेंढरं खोळंबली असत्याल." ती पोर पुन्हा वर्गात बसली नाही. पद गेलं. माझ्यासोबतच्या बाईंची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. आता चारही वर्ग मी एकाच खोलीत बसवतो. दुसऱ्या खोलीला कुलूप आहे. पावसाळ्यात तिच्या व्हरांड्यात मेंढरं टेकतात, आणि ती राखायला तीच पोर असते, आता उंच झालेली. आत पाढे सुरू झाले की ती बाहेरून आमच्याबरोबर म्हणू लागते आणि पाचाच्या पाढ्यापाशी गप्प होते.