दोन जिनिंग आणि एक बेट

आमच्या फाट्यावर दिग्रसच्या एसटीची वाट बघत चहाच्या टपरीवर बसणारी माणसं मला 'परराष्ट्रमंत्री' म्हणतात. कारण साधं आहे. माझी बायको समुद्रातल्या एका चिमुकल्या देशात नर्स आहे आणि मी इकडे कापूस, तूर, आई आणि तिसरीतली मुलगी सांभाळतो. बाई परदेशात आणि बुवा गॅसपाशी, यावर गावाने जेवढं हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. मग त्या देशात निवडणूक झाली, नवा राष्ट्राध्यक्ष आला आणि टपरीला नवा विषय मिळाला.

त्याने प्रचारात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. बेट भारताच्या फार आहारी गेलं आहे, ते मोकळं करू. आणि बाहेरच्यांच्या हातातली कामं इथल्या पोरांना देऊ. बायकोचा करार संक्रांतीनंतर संपत होता. तो वाढला नाही तर तिने परत यायचं आणि पुन्हा इथल्या एखाद्या खासगी दवाखान्यात मिळेल ते काम करायचं. तिकडे ती बाळंतपणाच्या वॉर्डची प्रमुख होती. कधीकधी फोनवर मागून नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं रडणं ऐकू यायचं, तेव्हा तिचा आवाज असा काही खुललेला असायचा की मला तिचा अभिमानही वाटायचा आणि थोडा हेवाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी आधी बेटाची बातमी आणि मग कापसाचा भाव बघायला लागलो. राष्ट्राध्यक्ष पहिल्या दौऱ्यावर आपल्याकडे न येता दुसऱ्या एका मोठ्या देशात गेला, त्या दिवशी माझं तोंड उतरलं. टपरीवर लगेच चौकशी, मंत्रीसाहेब, काय म्हणते तुमचं बेट? पुढे तिथे डॉलरची टंचाई झाली. तेल, तांदूळ, औषधं, सगळं बाहेरून आणायचं आणि डॉलर मात्र पर्यटकांच्या खिशात. त्याने पर्यटकांवरचा कर वाढवला, हॉटेलवाल्यांना डॉलर बँकेत भरायला लावले आणि काही महिन्यांनी हसतमुखाने आपल्याकडेही येऊन गेला. तिकडूनही मदत घेतली, इकडूनही घेतली. टीव्हीवरच्या जाणकारांनी त्यावर बरीच चर्चा केली. मला काही झेपेना. मैत्री तोडायची होती तर आला कशाला, आणि ठेवायची होती तर बोलला कशाला?

ते कोडं सुटलं दिग्रसला. मी कापसाची गाडी घेऊन नेहमीच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीवर गेलो, भाव ऐकला, तोंड वाकडं केलं आणि पलीकडच्या जिनिंगवर विचारून येतो म्हणालो. खरं तर पलीकडे जायचं माझ्या मनातही नव्हतं. या व्यापाऱ्याकडे आम्ही वडिलांपासून कापूस घालतो, त्याच्या घरच्या लग्नांना जेवतो. पण विचारून येतो म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी गाडी रिकामी करत नाही, आणि हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. गाडी वळवली की मागून हाक येते. तशी ती आली, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून एकटाच हसत सुटलो. हा राष्ट्राध्यक्ष तर आपल्यातलाच कास्तकार निघाला. त्याला कुणाशीच भांडायचं नव्हतं. त्याला फक्त गाडी वळवून दाखवायची होती.

संध्याकाळी ही अक्कल मी बायकोला फोनवर शिकवली. दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात अर्ज कर, त्यांचं बोलावणं आलं की आपल्या साहेबांच्या कानावर घाल, बघ कशी हाक मारतात. तिने ऐकून घेतलं.

फोन ठेवला आणि मला वाईट वाटायला लागलं. खरं सांगायचं तर तिचा करार वाढावा असं मला वाटतच नव्हतं. रोज सकाळी मुलीच्या वेण्या घालताना, त्या वाकड्या झाल्या म्हणून ती रुसली की, माझ्या मनात यायचं, त्या राष्ट्राध्यक्षाने एकदाची सही करावी आणि सगळ्या परदेशी नर्स घरी पाठवाव्यात. बायकोला 'ये' म्हणायची माझी छाती नव्हती. ते दुसऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने माझ्या वतीने म्हणावं, अशी माझी अपेक्षा होती.

तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, मी शेतातच होतो, तेव्हा तिचा फोन आला. सरकारने ठरवलं होतं की तिथली पोरं शिकून तयार होईपर्यंत दवाखान्यातली जुनी माणसं ठेवायची. तिचा करार दोन वर्षांनी वाढला होता. मी अभिनंदन म्हटलं, ते माझं मलाच फिकं वाटलं.

"तुमी सांगतलं तसंच केलं," ती म्हणाली. "साहेबायनं विचारलं, तिकडचा दवाखाना पगार किती देते? मी म्हटलं, पगाराचं राहू द्या, मले फॅमिली क्वार्टर द्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू? मले वापस धाडलं असतं, तर तुमाले बरं वाटलं असतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मलेही. पन मंग मी जलमभर झुरली असती. त्यापरीस तुमीच या पोरीले घेऊन."

मी तिथेच शेताच्या धुऱ्यावर बसलो आणि मुलीच्या पासपोर्टचं कसं करायचं ते विचारायला लागलो.

शेत आता दिग्रसला राहणारा माझा धाकटा भाऊ बघणार आहे, आईजवळही तोच राहील. टपरीवर मला मंत्रिपदावरून काढून राजदूत केलं आहे, आणि राजदूताने जाण्याआधी सगळ्यांना चहा पाजायचा असं ठरलं आहे. आईलाही चल म्हटलं, तर समुद्र पाहून मी काय करू म्हणाली. तिने यंदाच्या तुरीची डाळ निवडून, पिशवीत घालून, सुतळीने घट्ट बांधून माझ्यापुढे ठेवली, पण पिशवीवरचा हात काढला नाही.

"दोन सालं," ती म्हणाली. "मंग तुमचा तो राष्ट्राध्यक्ष काईही म्हनो, माह्या सुनेले आन् नातीले घेऊन घरी यायचं."

मी हो म्हटलं, तेव्हा कुठे तिने हात उचलला. आईपुढे गाडी वळवून दाखवायची सोय नाही.