आजोबांची चटई

प्राणिसंग्रहालयातल्या सर्वांत म्हाताऱ्या अजगराला 'आजोबा' म्हणायची सवय मावशींनीच सगळ्यांना लावली. सर्पालयाची झाडलोट, पाणी, ऊब हे सगळं चोवीस वर्षं त्यांच्याकडे. नवऱ्याच्या तापातसुद्धा एवढं जागली नाहीस, असं थोरली जाऊ म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आजोबांच्या पोटावर वीतभर सुरकुतलेला डाग होता. तो मावशींच्या चुकीचा. काचपेटीच्या तळाशी गरम होणारी चटई असते, आणि ती किती तापू द्यायची हे थर्मोस्टॅट ठरवतो. पण त्या यंत्राला अक्कल नसते. वायरीच्या टोकाचा सेन्सर जिथे पडेल तिथलंच ते खरं मानतं. सहा वर्षांपूर्वी मावशींनी सैल ठेवलेला सेन्सर घसरून पाण्याच्या भांड्यात पडला. पाणी गार, म्हणून यंत्र चटई तापवत राहिलं. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. आजोबा मुकाट भाजत पडले होते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशी तर साधं पाणीही फुंकू लागल्या. सेन्सर चिमट्यात अडकवायचा, वायर दोनदा ओढून बघायची, मगच चटई सुरू करायची.

त्या सोमवारी संग्रहालय बंद होतं. सकाळी पेटी पुसून, कुलूप लावून मावशी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. अर्धा जबडा बधिर झाला, डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि मावशी खुर्चीत ताठ उठून बसल्या. सेन्सर परत चिमट्यात अडकवल्याचं त्यांना आठवेना. पुसताना तो पेटीबाहेर खिळ्यावर टांगला होता, एवढंच डोळ्यांपुढे येई. आणि बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी.

"अहो, दात काढायचाय अजून!" डॉक्टर ओरडले.

"असू दे तितंच," म्हणत मावशी तोंडातल्या कापसासकट बाहेर पडल्या.

बस येईना, म्हणून त्या चालतच सुटल्या. मन चिंती ते वैरी न चिंती. एकदा त्यांना पेटीतून धूर दिसे, एकदा करपल्याचा वास येई. आजोबा उलटे पडलेत, हे तर त्यांनी तीनदा पाहिलं.

कुलूप काढून त्या थेट पेटीपाशी गेल्या. आत सेन्सर खिळ्यावरच लोंबत होता. थर्मोस्टॅटवर अठरा अंश, आणि तापवण्याचा लाल दिवा लागलेला. मावशींनी डोळे मिटून चटईला हात लावला.

चटई गार होती. थर्मोस्टॅटमध्ये खोचायचा तिचा प्लग जमिनीवर पडला होता. सेन्सर काढण्याआधी चटईचा प्लग काढायचा, हा त्यांचाच नियम. वेटोळं घालून गारठलेल्या आजोबांनी हळूच जीभ बाहेर काढली. मावशी तिथेच फरशीवर बसून रडल्या.

मग सेन्सर अडकवला, वायर दोनदा ओढली, प्लग लावला. चटई कोमट होऊ लागली, तशी नवी भीती वर आली. सेन्सर अडकवायचा, प्लग लावायचा, दोन्ही त्या विसरल्या होत्या. आणि प्लग काढल्याचंही आठवत नव्हतं. हात शहाणे होते म्हणून आज निभावलं.

त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, उद्यापासून माज्यामागून कोनीतरी पेटी तपासत जा. मी विसरायला लागलेय."

"मावशी, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता?"

मावशींनी गालातला कापूस काढला आणि पुन्हा सांगितलं.