पांढऱ्या मलमाची डबी

खालापूरच्या बाजारात मलम विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं, आणि मी माझ्या सुनेला फसवलं. दोन्ही फसवणुका एकाच डबीतून झाल्या. माझी मी कबूल केली आहे. त्याची अजून बाकी आहे.

मला फसवणं सोपं नाही, हे आधी सांगते. नवरा गेला तेव्हा मुलगा तिसरीत होता. मी डोक्यावर पाटी घेऊन कर्जतच्या बाजारात बसले. आज माझा स्वतःचा टेंपो आहे आणि खोपोलीपर्यंतची हॉटेलं माझ्याकडून भाजी घेतात. कोथिंबिरीची जुडी हातात घेतली की ती आजची की कालची, हे मी डोळे मिटून सांगते. शिळ्या जुडीवर पाणी मारलं की ती तासभर ताठ, हिरवीगार दिसते. दुपारी तीच काळी पडते. अशी जुडी दाखवणाऱ्याला मी भर बाजारात उभा सोलते. माझ्या तोंडाला लोक भितात, आणि ते बरं आहे.

नात झाली तेव्हा मी पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात तिचे गाल लाल झाले. मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे, मानेच्या वळीत. कातडी खरखरीत व्हायची, चिरायची, त्यातून पाणी यायचं. पोर गाल उशीला घासायची, आईच्या पदराला घासायची. एवढीशी नखं, पण ओरबाडून रक्त काढायची.

तिला न्हाऊ मीच घालत होते. आमच्याकडे जसं घालतात तसं : तेल चोळायचं, डाळीचं पीठ आणि दुधाची साय एकत्र करून अंगाला लावायची, वर कढत पाणी. माझा मुलगा याच न्हाणीवर वाढला. पण सून तिला कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि परत आल्यावर पिठाचा डबा न्हाणीघरातून उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

"आई, पीठ आणि साय आजपासून बंद. फुटलेल्या कातडीला खायच्या वस्तू लावायच्या नाहीत, त्यानंच पुढं ती वस्तू अंगावर उलटू शकते म्हणाल्या. पाणी कोमट. पाच मिनिटं न्हाऊ घालायचं, अंग टिपायचं, ओलसर असतानाच हे क्रीम लावायचं."

"आणि तुझा नवरा काय क्रीम लावून मोठा झाला?"

"त्यांना हा त्रास नव्हता, आई."

माझ्याशी असं सरळ बोलणारं कोणी नाही. मला राग आला. त्याच रागात मी दोन दिवसांनी खालापूरला माल उतरवून त्या मलमवाल्याच्या दुकानात शिरले.

माणूस गोड. कपाळाला गंध, समोर बाटल्यांची रांग. म्हणाला, "मावशी, हे विकायचं औषध नाही, सेवा आहे. ठाकूरवाडीच्या वरच्या जंगलातली मुळी. वाडीतले लोक मला आणून देतात, मी स्वतः कुटतो. तिसऱ्या दिवशी बाळाचा गाल बघा."

डबी पांढरी. झाकणावर काही लिहिलेलं नाही, बुडालाही नाही. मी विचारलं, "नाव नाही का याला?"

"जंगलातल्या वस्तूला कसलं आलंय नाव?"

मला ते पटलं. मग मी भाव करायला बसले. तो हात जोडत होता, मी दोनदा दुकानाची पायरी उतरले, त्याने दोनदा परत बोलावलं. शेवटी माझ्या भावात डबी घेतली आणि जिंकल्यासारखी टेंपोत बसले. जो माणूस इतक्या लवकर भाव सोडतो, त्याचा माल काय असेल, हे मी भाजीत कधी विसरले नसते.

दुपारी सून धुणं घेऊन मागच्या दारी गेली की मी नातीला मांडीवर घ्यायची आणि बोटभर मलम लावायची. तिसऱ्या दिवशी गाल खरंच निवले. आठवड्यात पोर लोण्याच्या गोळ्यासारखी झाली. सून खुश. डॉक्टरीणबाईंचं क्रीम लागू पडलं, असं ती माहेरी शेलूला आपल्या आईला फोनवर सांगत होती. मी भाजी निवडत ऐकत होते आणि मनात हसत होते. ते हसू मला आज नको वाटतं.

तीन आठवड्यांनी डबी संपली. चार दिवस माझं खालापूरला जाणं झालं नाही. पाचव्या दिवशी नातीचं तोंड पाहिलं तर भाजल्यासारखं. आधी जिथे डाग नव्हते तिथेही लाल. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. आम्ही दोघी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी गालाची कातडी दोन बोटांत हलकेच ताणून पाहिली. "इथं कातडी पातळ झालीय. मी दिलं त्याशिवाय दुसरं काही लावलंत?"

"नाही," सून म्हणाली. "तुम्ही सांगितलं तेवढंच. शपथेवर सांगते."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं मी पाणी मारलेल्या जुडीकडे पाहते. सुनेचे कान लाल झाले. मी बाळाची पिशवी धरून शेजारीच उभी होते. माझा आवाज बाजारात तीन दुकानं पलीकडे ऐकू जातो; त्या दिवशी मी फक्त नातीचं टोपडं सारखं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात एक डाव टाकावा असं माझ्या मनात आलं. घाटाखालच्या ठाकूरवाडीतली एक बाई वर्षानुवर्षं मला रानभाज्या देते. मलम संपलं म्हणूनच हे उसळलं, असं मला अजून वाटत होतं; मी ठरवलं, मुळी हिच्याकडूनच घ्यावी, मधला माणूस कशाला? ताजी मुळी असेल तर गुणही जास्त. रिकामी डबी तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "ही तुमच्याकडची मुळी. खालापूरचा मलमवाला तुमच्या लोकांकडून नेतो म्हणे. मला थेट दे."

तिने डबी नाकाला लावली. बोटाने कड पुसून बोट चोळलं. मग हसायलाच लागली.

"शेठानी, ही मुळी हाय? मुळी कुटली का तांबडी व्हते, नायतर काळी. वास मारते. ह्याला तर कायच वास नाय गं. दुकानातली पांढरी क्रीम हाय ही."

"पण तो म्हणतो, तुमची माणसं आणून देतात."

"तो एकदाच आलता. लिंबाच्या झाडाखाली फोटू काढला नि गेला." मग डबीकडे बघत म्हणाली, "एवढी वर्सं आमची भाजी उलटीपालटी करून बघतेस. पानाला भोक दिसलं तर भाव पाडतेस. नि नातीच्या तोंडाला लावताना वास नाय घेतलास?"

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मी भाव न करता पैसे मोजले. तिच्या पाटीतली सगळी भाजी न बघता उचलली आणि घरी गेले.

सून नातीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती. मी डबी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. ती किंचाळेल, माहेरी निघून जाईल, असं वाटलं होतं. तिच्या जागी मी असते तर भांडी फेकली असती. ती लग्नाआधी एका पॅकिंगच्या कंपनीत होती. प्रत्येक खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे हे ताडून बघणं हेच तिचं काम. तिने डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि वही काढली.

"किती दिवस लावलं?"

"तीन आठवडे."

"दिवसातून किती वेळा? कुठं कुठं? डोळ्यांजवळ?"

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटी पेन खाली ठेवून एवढंच म्हणाली, "आई, काल मी त्यांच्यापुढं खोटी पडले. आता तुम्ही चला, आणि तुमच्या तोंडानं सांगा."

मी गेले. सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, "आजी, यात बहुतेक जोरदार स्टिरॉइड आहे. वरून कातडी झटकन ताजी दिसते, आतून झिजते. लावायचं थांबलं की दुप्पट उसळते."

ते मला लगेच कळलं. जन्मभर मी तेच ओळखत आले होते.

बाईंनी लिहून दिलेल्या ट्यूबवरही स्टिरॉइडच लिहिलेलं, हे सुनेने वाचून दाखवलं तेव्हा मी उसळले. त्या म्हणाल्या, "हे सौम्य आहे. किती, कुठं आणि कधी थांबायचं हे ठरलेलं आहे. फरक तिथं आहे." सुनेने कागदावर बाळाची आकृती काढून कुठे काय लावायचं ते खुणेने मांडलं आणि न्हाणीघराच्या दाराला चिकटवलं. मी शाळेत कमी गेले, पण ती आकृती मला पाठ झाली.

कातडी हळूहळू निवत असतानाच दुसरं निघालं. सुनेला तापाने दूध कमी झालं म्हणून एके दिवशी डब्यातल्या पावडरीचं दूध पाजलं. दहा मिनिटांत पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, उलटी झाली. मी हातपाय गाळले. सुनेने गांधींचा फोटो काढला, घड्याळ पाहिलं, मुलाला मोटरसायकल काढायला लावली आणि अंगात ताप असताना पोरीला घेऊन दवाखान्यात पोहोचली. तपासण्या झाल्या. गाईचं दूध नको, अंडं नको. म्हशीचंही नको, कारण ते त्याच्या जवळचंच.

पोर अंगावर पीत होती आणि आईच्या दुधातूनही त्रास दिसत होता, म्हणून बाईंच्या सल्ल्याने सुनेने स्वतः दूध, दही, ताक, तूप सोडलं. या मुलीला चहा किती प्रिय, हे मला माहीत आहे. माझ्या घरात ती रोज काळा चहा पीत होती आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. बिस्किटाचा पुडा आला की आधी मागची बारीक अक्षरं. "आई, यात दूध पावडर आहे." शेवेत, टोस्टात, चॉकलेटात, कुठेकुठे दूध लपलेलं असतं ते मी तिच्यामुळे शिकले. व्यापारात मी स्वतःला चलाख समजते. या पोरीच्या डोळ्यातून एक अक्षर सुटत नव्हतं.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. आमच्यात मामा बाळाला खीर चाटवतो आणि मग घरातला प्रत्येक जण बोट लावतो. खीर म्हणजे दुधाचीच. सुनेने लाल तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ घालून खीर केली. हे तिन्ही जिन्नस बाईंना विचारून. माझी चुलत जाऊ पाटावर बसताच म्हणाली, "ही कसली खीर? दुधाशिवाय उष्टावण नाय व्हत. एक बोट लावलं तर मरते काय?" आणि पाहुण्यांसाठीच्या बासुंदीच्या वाटीत तिने बोट बुडवलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतून ती काय विचारत होती ते मला कळलं. आपल्या बाळाच्या बाबतीत या बाईवर भरवसा ठेवायचा की नाही.

मी जावेचं मनगट धरलं. "ते बोट तुझ्या तोंडात घाल."

"अगो, शकुनापुरतं..."

"शकुन मी एकदा केलाय माझ्या मनानं. त्याचे डाग अजून गेले नायत. आज या घरात तिची आई सांगेल तेच पोरीच्या तोंडात जाईल. ज्याला पटत नसेल त्यानं जेवून घ्यावं नि गप बसावं."

मी बासुंदीचं पातेलं उचलून मागच्या खोलीत ठेवलं आणि डाव हातात घेऊन दारात उभी राहिले. पाहुणे हात धुऊन मग बाळाला घेत होते. मामाने नारळाची खीर चाटवली. पोरीने जीभ बाहेर काढली, विचार केला आणि अजून मागितली. सून तेवढ्यात माझ्याजवळ आली आणि नातीला माझ्या हातात देऊन जेवायला बसली. डबीच्या दिवसापासून पहिल्यांदा ती नातीवर लक्ष न ठेवता, माझ्याकडे पाठ करून जेवली.

आता नात दोन वर्षांची होत आली आहे. गाल स्वच्छ आहेत. कोपराच्या आत थंडीत अजून खरखरतं. आम्ही क्रीम चोपडतो. तीन दिवसांनी एक नवा पदार्थ, असं करत सुनेची वही भरली : नाचणी, भोपळा, मूग, रताळं, वालाचं बिरडं. गेल्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर दूध घालून, अंड्याशिवाय भाजलेल्या केकचा तुकडा तिला दिला आणि आम्ही दोघी तिच्या ओठांकडे बघत तासन् तास बसलो. काही झालं नाही. सून तेव्हा पहिल्यांदा रडली. मी तिला म्हटलं, "तुला मी व्यापारात घेतलं असतं तर आज माझे चार टेंपो असते." ती नाक पुसत म्हणाली, "आधी भाजीवर लेबलं लावायला लागतील, आई."

आणि तो मलमवाला अजून दुकानात बसतो. मी गेले होते. म्हणाला, "मावशी, तुम्हीच जास्त लावलं असेल, मुळीचा काय दोष?" समोर एक कोवळी आई बाळ घेऊन उभी होती, तिच्या हातात तीच पांढरी डबी. मी ती डबी तिच्या हातातून घेतली, तिला सगळं सांगितलं, आणि तिला कर्जतचा दवाखाना सांगून पाठवलं. सुनेने औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याला अर्ज लिहिला आहे, डबी पिशवीत बांधून जपली आहे, वहीची पानं जोडली आहेत.

चोरून लावलं, हे मी माझ्या तोंडाने डॉक्टरांना सांगितलं, सुनेला सांगितलं, आणि आता इथे लिहिलं. माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलं. आता त्याने द्यावं. त्या डबीत काय घालतोस? वाडीतल्या कोणत्या माणसाने तुला मुळी दिली, त्याला माझ्यासमोर उभा कर. झाकणावर नाव का नाही? आणि तालुक्यातल्या किती बाळांच्या गालांवर तू हे पाणी मारलंस? भर बाजारात, सगळ्या आयांसमोर, मोठ्याने सांग. यात मी भाव करणार नाही.