अण्णांचा उजवा हात

परवा नातीनं माझ्या हाताच्या पाठीवर क्रीम चोळलं. "आजोबा, हे एज स्पॉट्स आहेत. उन्हात असेच जात जाऊ नका." मी हसलो... कारण हे डाग मी आधी पाहिले ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातावर. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट असेल, कोपरगावची.

अण्णा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेली, अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट आणि उजवं कोपर कायम खिडकीबाहेर. मी तेव्हा अकरावीत, दिवसभर कविता पुटपुटत हिंडायचो. आमच्या पुस्तकातलं ऊन कोवळं, सोनेरी असायचं... अण्णांच्या हातावरचं ऊन मला कुठल्याच कवितेत सापडलं नाही.

त्या हातावर मसुराएवढे तपकिरी डाग उठले होते. डावा हात मात्र स्वच्छ!

अशात संगमनेरकडची मंडळी आमच्या अक्काला बघायला येणार असं ठरलं आणि आईचं सगळं लक्ष त्या डागांवर गेलं. त्या काळी कातडीवर काही दिसलं की लोकांना एकच रोग आठवायचा, महारोग. तेवढ्यावरून जमत आलेलं लग्न मोडायचं.

आईनं लिंबाचा उपाय काढला. अण्णा सकाळी हातावर लिंबू चोळायचे आणि तोच हात खिडकीत टेकवून ट्रक काढायचे... थोड्याच दिवसांत हात भाजल्यासारखा लाल झाला, मग आणखी काळा पडला. शेवटी अक्काच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. रोग वगैरे काही नाही, वय आणि ऊन, असं डॉक्टर म्हणाले. लिंबू बंद, पूर्ण बाह्या घाला.

अण्णा घरी येऊन आईला म्हणाले, "पूर्ण बाह्या सायबानं घालाव्या. केबिनमधी शिजून निघंल मी."

पाहुणे आले. अण्णांनी उजवा हात उपरण्याखाली दडवला होता. चहापोहे झाले, अक्काला नाव-गाव विचारून झालं, सगळं सुरळीत चाललं होतं... आणि पान द्यायची वेळ आली. अण्णांनी मुलाच्या आत्यापुढं विडा धरला, तो डाव्या हातानं!

आत्याबाईंनी हात पुढं केलाच नाही. "काय पाव्हणं, डाव्या हातानं पान देत्यात व्हय तुमच्यात? उजव्याला काय झालंय?"

अण्णांनी उपरणं आणखी घट्ट ओढून घेतलं. आईनं पदर तोंडाला लावला.

आणि खाली मान घालून पाटावर बसलेली अक्का उठली. तिनं उपरणं बाजूला केलं, अण्णांचा उजवा हात बाहेर काढला आणि शर्टाची बाही थेट खांद्यापर्यंत सरकवली. बाहीखाली झाकली जाणारी कातडी लहान मुलासारखी नितळ होती.

"आत्याबाई, नीट बघा. जिथं बाही हाय तिथं डाग न्हाई. आमाला वाढवताना हा हात खिडकीतल्या उन्हात भाजलाय. डाक्टरला दावलाय. ह्याच्यावरून मोडायचं आसंल तर खुशाल मोडा."

मला वाटलं, संपलं सगळं.

आत्याबाईंनी हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग डावाही पाहिला. "पोरगी लई बोलती," त्या आईकडे बघून म्हणाल्या. "बरं हाय. आमच्या घरातले समदे मुके." मग आपला तळहात अण्णांपुढं पसरला. "द्या आता. ह्याच हातानं द्या."

अण्णांनी विडा डाव्या हातातून उजव्यात घेतला. आणि त्याच हातानं आत्याबाईंना दिला.

सासरी जाण्याआधी अक्कानं अण्णांच्या सगळ्या शर्टांना पातळ सुती कापडाच्या पूर्ण बाह्या शिवून लावल्या. अण्णांनी मुकाट्यानं घातल्या. लिंबानं आलेला काळेपणा काही महिन्यांत उतरला. जुने डाग फिकट होऊन राहिले, नव्यांची भर मात्र जवळपास थांबली.

म्हणून ठामपणे सांगतो मित्रांनो... स्वयंपाकघरातले प्रयोग हातावर करू नका. क्रीम लावा, बाह्या घाला. एखादा डाग वाढायला लागला, रंग बदलला किंवा खडबडीत झाला तर सरळ डॉक्टर गाठा.

हे लिहिण्याआधी अक्काला फोन केला. पंचाहत्तरीला आलीय. क्रीमचं ऐकून म्हणाली, "ते लाव रे, पण शर्ट कसला घातलायस?" मी ऐटीत सांगितलं, पूर्ण बाह्यांचा!

उन्हाच्या कविता मी आजही म्हणतो... अक्काच्या कृपेनं, सावलीत बसून.