दाजींनी बसवलेली कमान

आमचे दाजी शिंपी आहेत, आणि शिंप्याने शिंपीकामच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. गल्लीतले निम्मे शर्ट त्यांच्या हातचे. खोड एकच, माप कुणाचंही असो, शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडायचं. गिऱ्हाईकाचं पोट सुटलं की ते परत येतं, दाजी आतली शिवण उसवतात आणि शर्ट सैल करून देतात. "माणूस सुटतो, कापड कुठे सुटतं?" असं म्हणून आपल्याच विनोदावर हसतात. मशीनवर बसले की शीळ चालू. ताई पडली आणि ती शीळ बंद झाली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण पाय जराही हलता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतली खोली एवढीशी की खाट तीन भिंतींना टेकते. पायथ्याशी दार. दार कसलं, भिंतीतली मोकळी जागा, कडांना पोपडे आलेले आणि पलीकडे विजेचा मीटर. एकदा ताई सहज बोलून गेली, "दिवसभर हेच बघायचं. निदान दार तरी बघण्यासारखं असतं." झालं, दाजींनी ते मनावर घेतलं.

स्वतः माप घेतलं आणि सुताराकडून लाकडी कमान करून आणली. दोन बाजूंना दोन खांब, वर वेलबुट्टी, मधोमध उमललेलं फूल. कमान सुरेख होती, खोटं कशाला बोलू? बसवायला मी येतो, जरा दम धरा, असं सुतार म्हणाला होता. दम धरतील तर ते दाजी कसले. शेजारच्या ड्रायव्हरला हाताशी घेतलं आणि स्वतःच लागले कामाला.

मी आत ताईचे केस विंचरत होते. बाहेरून ठोकाठोकी ऐकू येत होती. एक खांब आत गेला, दुसरा जाईना.

"घट्ट बसतेय, चांगलंच आहे की," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने ठोकळा लावून हातोडा घातला. कमान खाली अडकून बसली आणि वरून सटकून आत कलली, थेट ताईच्या पायावर. फणी टाकून मी खाटेवरूनच पायथ्याकडे झेपावले आणि दोन्ही हातांनी ती अडवली. वरून पोपडा निखळून चादरीवर पडला.

"बाहेर ओढा," मी म्हणाले. त्यांनी ओढली, तर खाली अडकलेला खांब सुटायला लागला आणि सगळा भार माझ्या मनगटांवर आला. खाली ठेवावी तर ताईचा पाय. खाट सरकवावी तर तीन बाजूंना भिंती. त्या पायात डॉक्टरांनी सळई घातली होती, आणि परत कापाकापी झाली तर ही उठणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ड्रायव्हर वाकून कमानीखालून आत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. "मधून कापली तरच निघेल," तो म्हणाला. "दोघं दोन तुकडे धरतो."

दाजी करवत घेऊन आले आणि नुसते उभे राहिले.

"मधे फूल आहे," ते म्हणाले.

"फूल गेलं खड्ड्यात. माझे हात गळून पडतायत."

त्यांचा हात पुढे होईना. जन्मभर कात्री चालवलेला हात. ताई शांतपणे म्हणाली, "कापा हो. तुमच्या हातून कधी काही वाकडं कापलं गेलंय का?"

मग त्यांनी करवत लावली. भुसा ताईच्या पायावर पडत होता आणि प्रत्येक ओढीला कमान हादरत होती. ताईने डोळे मिटले नाहीत. मी मात्र मिटले. एकदम कडकन आवाज झाला आणि माझ्या हातातला भार अर्धा झाला. ड्रायव्हरने आपला तुकडा वरच्या वर उचलला, दाजींनी माझ्या हातातला घेतला. ताईच्या पायाला धक्का लागला नाही.

दाजी बाहेर जाऊन टेप लावत बसले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "दोन बोटं जास्त झाली. शिवणीला सोडली मी."

लाकडाला शिवण. माझं डोकंच फिरलं. आता ह्यांना सोडत नाही म्हणून मी पदर खोचला, तेवढ्यात ताईने माझा हात धरला.

"मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "माप घेताना त्यांनी बोटं सोडलेली मी इथूनच बघितली."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"शीळ वाजवत होते गं," ताई म्हणाली. "मी पडल्यापासून पहिल्यांदा. मधेच टोकावंसं वाटलं नाही."

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. बाहेर गेले. दाजी दोन तुकडे जमिनीवर जुळवत होते. फुलाच्या मधून दोन बोटं काढून टाकायची आणि पुन्हा जोडायचं, असा बेत दिसत होता. माझ्याकडे मान वर करून बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

मी खाली बसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

"आणि हे काय, मुकाट्याने काय काम करताय?" मी म्हणाले. "शीळ वाजवा. तिला आत काही ऐकू येत नाहीये."