इवाओच्या गाडीवरचं कोवळं पान

नाही गं चिनात्सु, गावच्या पत्रकात ‘अपघात’ नको लिहूस. अपघात मोठ्या रस्त्यावर होतात. माझा भाऊ कांद्यात घुसला, असंच लिही. देवळाजवळच्या मासुएच्या शेतात, पातीच्या कांद्यात.

इवाओ माझ्या पाठचा. सत्तरी ओलांडली. जन्मभर मागच्या चाकांनी ढकलणारी गाडी चालवली त्यानं. रविवारी देवळापाशी घाटातली पोरं गाड्या घेऊन जमायची, त्यांना हा शिकवायचा. म्हणायचा, "पुढच्या चाकांची गाडी म्हणजे घरात एकटी सून. ओढायचं तिनंच, वळायचंही तिनंच. वळणात जास्तीचं काम सांगितलं की ऐकत नाही, सरळ चालायला लागते." पोरं खिदळायची.

पुढं जुनी गाडी गंजली नि यानं पुढच्या चाकांचीच घेतली. लाल, चांगली जोरदार. पहिल्या बर्फात मला दवाखान्यात नेलं, तर बया चढावर कशी सरळ ओढत गेली! डगमगली नाही. माझी चाकांची खुर्चीसुद्धा मागं मावली. "ताई, उगाच नावं ठेवली गं हिला," म्हणाला.

पण जीभ शिकली, पाय कुठं शिकला? देवळाच्या वळणाला वेगात शिरला. नाक बाहेर जायला लागलं. जुन्या गाडीत असं झालं की हा ॲक्सिलरेटर दाबायचा, शेपूट फिरायची, नाक आत यायचं. तसाच दाबला. इथं कुठली शेपूट फिरतेय? बिचाऱ्या पुढच्या चाकांवर आणखी ओझं. गेली सरळ कांद्यात. पाय अलगद उचलला असता तर वळली असती. आणि हे त्यानंच पोरांना शिकवलेलं! पोरं तिथंच पायरीवर बसलेली. एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं, म्हणतो.

दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून, योकानच्या घट्ट गोड वड्यांचा खोका घेऊन माफी मागायला गेला. माफीला योकानच लागतं, हाताला जड लागलं पाहिजे. मी सोबत. त्यानं उंबऱ्यातच कपाळ टेकलं.

"उठा आता, फरशी पुसून झाली," मासुए म्हणाली. "कांदे काय, पुन्हा येतील. पण त्या वळणावरून माझी नात सायकलनं शाळेत जाते."

इवाओचं तोंड एवढंसं झालं. "गाडी विकतो मी."

"विकून काय, पाय तोच. त्यापेक्षा कोवळ्या पानाची खूण लावा."

"अहो, ती नवशिक्यांची! माझ्या वयाला म्हाताऱ्यांची असते."

"मग दोन्ही लावा. मागं जागा भरपूर आहे."

मला हसू आलं गं, पण त्याचे लाल झालेले कान बघितले नि गिळलं.

लावलंन पान. पण तेव्हापासून देवळाकडं फिरकत नाही. दुकानात जायचं तरी धरणाकडून वळसा घालतो, पोरांनी पान बघू नये म्हणून. पोरं दर रविवारी पायरीवर वाट बघतात. परवा एकजण मला विचारत होता, "आजी, उस्ताद आमच्यावर रागावले का?" आता काय सांगू? रागावलाय तो स्वतःवर. आणि त्यातलंच एक पोर गेल्या रविवारी त्याच वळणाला तसंच वेगात शिरलं. कडेला घासून थांबलं, नशीब.

माझं तो ऐकत नाही, म्हणून सांगते, हे वाचणाऱ्यांपैकी कुणी वर धरणाकडं जात असाल, तर इवाओला एवढा निरोप द्या. पाय कसा चुकतो ते तुझ्याइतकं इथं कुणाला ठाऊक नाही म्हणावं. रविवारी ये. पान न काढता ये.