उसन्या भांड्यांवर मिळालेलं कर्ज

आमच्या गावच्या पतपेढीत माझं नाव शोधायला सचिवांना चष्मा लागत नसे. वहीत कुठंही बोट ठेवलं की मी सापडायचो. पहिलं कर्ज मी चहाच्या हॉटेलासाठी काढलं आणि ते हॉटेल माझ्या मित्रांनी पिऊन टाकलं. दुसरं काढलं भाड्यानं द्यायच्या सायकलींसाठी. तीन सायकली घेतल्या, तिन्ही माझे मेहुणे चालवायचे, आणि सासरच्या माणसांकडं भाडं मागण्याइतका मी काही नालायक नव्हतो. दोन्ही कर्जं मी फेडली हो! फक्त ठरलेली तारीख आणि माझी तारीख यांच्यात दोन-दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या कर्जाची वेळ आली ती बायकोसाठी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमची गंगू हातशिलाईनं पोलकी शिवायची. गावातल्या म्हाताऱ्या शिंप्यानं दुकान बंद करायचं ठरवलं आणि आपली मशीन तो तिलाच द्यायला तयार झाला. अट एकच, धाड गावच्या पुढच्या आठवडी बाजारापर्यंत दोनशे रुपये हातात पडले पाहिजेत. नाहीतर रोहिणखेडचं एक गिऱ्हाईक टपून बसलेलंच होतं. तिकडं शाळेच्या मास्तरांनी पोरांचे चाळीस सदरे गंगूकडूनच शिवून घ्यायचं कबूल केलं होतं, तेही याच मशीनच्या भरवशावर. गंगूला इतकं खूश मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. (लग्नात ती मला पाहत होती, हेही कारण असेल.)

अर्ज घेऊन मी पतपेढीत गेलो. सचिव भाऊरावांनी आधी अर्जाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

"गनपतभाऊ, मानूस तुमी लाखाचे, पन दोनशेसाठी बी भरवसा वाटत नाई."

मी तासभर गयावया केली. शेवटी कंटाळून ते म्हणाले, की शनिवारी अध्यक्ष नानाजी आणि ते स्वतः घर पाहायला येतील, घरात काही ऐवज दिसला तर विचार करतील. आता आमच्या घरात ऐवज कुठला? मांडणीवर एक पितळेचा गंज, म्हणजे उभं पातेलं, होता, तोही चेपलेला.

शनिवारी सकाळी गंगू मशीन चालवून पाहायला शिंप्याकडं गेली आणि इकडं मला कल्पना सुचली. (मला कल्पना सुचली की घरातलं कुणीतरी मला धरून ठेवतं, पण त्या दिवशी धरणारीच बाहेर होती.) मांडणी उसन्या भांड्यांनी भरून टाकायची! शेजारच्या काकूंकडं गेलो. मला हंडा पाहिजे म्हटल्याबरोबर त्यांनी दार लोटून घेतलं. दुसऱ्या घरचा हंडा म्हणे कल्हईला गेला होता. तो मला त्यांच्या मागं स्वच्छ दिसत होता. तिसऱ्या घरी मी आपलं सहज म्हणालो, "गंगूनं मांगला हाय." तर काय सांगू! हंडा आला, हंड्यावर कळशी आली, आणि वर तिले आणखी काही पायजे का अशी चौकशी झाली. मग मी पुन्हा पहिल्या दोन घरी गेलो. काकूंचं दार उघडलं. कल्हईला गेलेला हंडासुद्धा तेवढ्यात परत आला होता!

दोन तासांत अठरा घरं झाली. मांडणी अशी लखलखली की मला माझंच घर ओळखू येईना. आता फक्त पाहुण्यांना पाणी द्यायला चांगले पेले राहिले होते. अध्यक्षांना अध्यक्षांच्या तोडीचे पेले हवेत, आणि गावात तसे पेले एकाच घरी होते. अध्यक्षांच्या! नानाजी शेतावर गेलेले पाहून मी त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या मंडळींना गंगूचं नाव सांगितलं आणि पेले घेऊन आलो. याला मी हुशारी समजत होतो.

ठरल्या वेळेला दोघं आले. मांडणी पाहून भाऊरावांनी पेनाचं टोपण काढलं. मी ऐटीत पाणी पुढं केलं. नानाजी अर्धा पेला प्यायले आणि थांबले. पेला गोल फिरवून काठाखाली पाहू लागले. तेव्हा मला आठवलं. आमच्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं घरात घेत नाहीत. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, सगळं कोरलेलं असतं. हे मला जन्मापासून माहीत होतं. नेमकं त्याच दिवशी डोक्यातून गेलं.

"गनपत," नानाजी शांतपणे म्हणाले, "हा पेला माह्या लग्नात माह्या मामानं मले देल्ला."

मग ते उठले आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक भांड्यावरची नावं मोठ्यानं वाचू लागले. अर्धं गाव हजर निघालं. फक्त मी गैरहजर होतो. भांडी पाहुणी आली आहेत, असं काहीतरी मी बोललो. भाऊरावांनी टोपण पुन्हा लावलं.

तेवढ्यात गंगू आली. मांडणी पाहिली, पेला पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. (लग्नाला सहा वर्षं झाली होती.)

"नानाजी, याच्यातला तो चेपका गंज तेवढा आमचा," ती म्हणाली. "बाकीचं सारं मी आजच ज्याचं त्याले नेऊन देते. असं खोटं दाखवून आमाले कर्ज नाई पायजे. मशीन राहू द्या."

आणि ती लगेच मांडणीवरून एकेक भांडं उतरवू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानाजींनी मला विचारलं, की तुझ्यासारख्याला लोकांनी भांडी दिली कशी? मी खरं ते सांगून टाकलं. माझ्या नावावर दारं लागली, हिच्या नावावर उघडली. नानाजी पोट धरून हसायला लागले.

"अरे, माही बायको माह्या सख्ख्या बहिनीले पेला देत नाई!"

मग गंगू घरोघरीचं उसनं भांडं आजवर कसं परत करत आली, ते त्यांनीच मला सांगितलं. लख्ख घासून, वेळेवर, आणि कधीच रिकामं नाही. (आमच्या परसातल्या गवारीच्या शेंगा जातात कुठं, हे मला त्या दिवशी कळलं.) भाऊरावांकडं वळून ते म्हणाले, "लिहा. कर्ज हिच्या नावानं."

"पन नानाजी, दोन जामीनदार लागतात," भाऊराव म्हणाले.

"मांडनीवरचे कोनतेबी दोन वाचा. नाई म्हनला कोनी, तर मले सांगा."

एकानं तरी नाही म्हणावं? उलट कुणाचं भांडं वाचलं आणि कुणाचं वगळलं यावरून रुसवेफुगवे झाले! बाजाराच्या आदल्या दिवशी मशीन घरात आली. ती मी स्वतः डोक्यावर घेऊन मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आणली, आणि भेटेल त्याला सांगितलं की कर्ज मी मिळवलं. चाळीस सदरे झाले, मग पोलकी, मग झबली, आणि गंगूनं सगळं कर्ज मुदतीच्या आधी फेडलं. भाऊराव म्हणे वहीतली ती ओळ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

घराची पत अशी वर गेल्यावर मलाही हुरूप आला. नवा धंदा सुचला होता. (कोंबड्यांचा.) भांडवल म्हणून मी गंगूकडं दहा रुपये मागितले. तिनं मशीनवरचा पाय थांबवला नाही.

"देते ना," ती म्हणाली. "दोन जामीनदार आना."

मी तडक माझ्या आईकडं गेलो. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गंगूले इचारून सांगते."